जुन्या विटांच्या भिंतीला कुठला गिलावा? सिमेंटचं पोतं उघडण्याआधी

आमच्या वाईच्या घरात माजघराची एक भिंत आहे. दीड विटेची, चुन्यात बांधलेली, पणजोबांच्या वेळची. तिचा मूळ चुन्याचा गिलावा जागोजागी सुटला होता, म्हणून 1984 साली काकांनी तो खरवडून सिमेंटचा केला. सात-आठ वर्षं भिंत देखणी होती. मग गुडघ्याएवढ्या उंचीवर रंगाचे पोपडे धरायला लागले. 2009 मध्ये मी तो गिलावा काढून परत सिमेंटचाच केला. त्यात ओल रोखणारं रसायन घातलं, वर पुट्टी आणि प्लॅस्टिक पेंट. दोन पावसाळे गेले आणि पोपडे छातीपर्यंत आले. ओल गेली नव्हतीच, नुसती वर सरकली होती.

तिसऱ्यांदा त्याच भिंतीला हात लावण्याआधी बरंच विचारलं, वाचलं, आणि चुन्यात काम केलेल्या एका म्हाताऱ्या गवंडी मामांच्या हाताखाली दोन महिने बिगारीही केली. त्यातून जे हाती लागलं ते इथे सविस्तर लिहितोय. तुमच्या घराच्या भिंती भरीव विटांच्या असतील, मधे पोकळी नाही, पायाशी ओल अडवणारा थर नाही, तर हे तुमच्या कामाचं आहे. कोकणातल्या चिऱ्याच्या घरालाही यातलं बरंचसं लागू पडतं.

सिमेंट इथे का फसतं

जुनी वीट गावच्या भट्टीची, कमी-जास्त भाजलेली आणि मऊ. ती पाणी पिते. तिला जोडणारा चुना किंवा माती विटेपेक्षाही मऊ. अशी भिंत पावसाळ्यात पाणी घेते, जमिनीतूनही ओढते, आणि दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत दोन्ही अंगांनी ते सोडून देते. पाणी आत जाणारच, असं धरूनच ती बांधलेली असते. ते बाहेर पडायची वाट मोकळी राहिली की भिंतीचं काही बिघडत नाही.

सिमेंटचा गिलावा ती वाट बुजवतो. तो कडक असतो, जुनी भिंत मात्र ऊन-पावसात थोडी हलत असते. त्यामुळे गिलाव्याला केसासारख्या चिरा पडतात. चिरेतून पावसाचं पाणी आत शिरतं, पण तेवढ्याशा फटीतून परत वाळून बाहेर येत नाही. अडकलेली ओल मग वर चढते किंवा घराच्या आतल्या अंगाने निघते. तिच्याबरोबर विरघळलेले क्षारही येतात. पाणी उडून गेलं की त्या क्षारांचे स्फटिक गिलाव्यामागे, विटेच्या तोंडाशी साठतात. स्फटिक वाढताना जोर लावतात आणि विटेचा पापुद्रा सुटतो. लोणा लागला म्हणतात तो हाच. आमचा 2009 चा गिलावा काढला तेव्हा त्याच्या पाठीला विटेची अर्धा इंच जाडीची तोंडं चिकटून आली. दुखणं भिंतीचं नव्हतं, औषधानेच तिचं मांस ओरबाडलं होतं.

वाड्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती जास्त गंभीर आहे. देशावरच्या जुन्या वाड्यांत पुष्कळदा भार पेलतात ते लाकडी खांब आणि तुळया. विटा त्यांच्या अधेमधे भरलेल्या असतात. खांब भिंतीत गाडलेला, बाहेरून सिमेंटने बंद, आत कायमची ओल. असं लाकूड बाहेर काहीही न दिसता कुजतं. म्हणून सिमेंट काढताना जिथे लाकूड उघडं पडेल तिथे टोच्याने टोचून बघाच. टोच्या लोण्यात गेल्यासारखा शिरला तर गिलाव्याचा विचार बाजूला ठेवा आणि आधी अभियंत्याला बोलवा. भिंतीने पोट काढलं असेल किंवा आरपार भेग असेल, तरीही तेच. गिलाव्याने भेग झाकली जाईल, बरी होणार नाही.

आधी भिंत ओळखा

भारतात सिमेंटचं उत्पादन खऱ्या अर्थाने सुरू झालं 1914 मध्ये, पोरबंदरला, आणि गावागावांत ते पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. त्यामुळे गावठाणातलं स्वातंत्र्याआधीचं घर असेल तर भिंत चुन्यात किंवा मातीत आहे असं धरून चला. तरी खात्री करून घ्या, कारण एकाच घरात जोत्यावर चुना, वर माती आणि नंतर वाढवलेल्या खोलीला सिमेंट असं सर्रास असतं.

कोपऱ्यात, कुणाच्या नजरेत येणार नाही अशा जागी, वीतभर गिलावा काढा. दोन विटांमधल्या दरजेतून सुपारीएवढा खडा काढून पाण्याच्या ग्लासात टाका. मातीचा असेल तर बुडबुडे सोडत पाच-दहा मिनिटांत ढासळतो आणि पाणी गढूळ होतं. चुन्याचा असेल तर तसाच राहतो. बाहेर काढून नखाने खरवडला की भुगा पडतो, आणि त्यात पांढरे ठिपके दिसतात. ते नीट न विरलेल्या चुन्याचे कण. सिमेंटचा खडा राखाडी असतो, त्याला नख लागत नाही. विटेवरही नख किंवा नाणं ओढून बघा. चूर पडत असेल तर वीट मऊ आहे, आणि गिलावा तिच्याहून मऊच हवा.

काही घरांत बाहेरून भाजलेली वीट आणि आत भेंडे, म्हणजे न भाजलेल्या पांढऱ्या मातीच्या विटा असतात. भेंड्यांच्या भिंतीवर सिमेंट अजिबात नको. पाणी आत साठलं तर भेंड्यांचा चिखल होतो आणि बाहेरून कळतही नाही.

पाणी कुठून येतंय?

हे टाळून केलेला कुठलाही गिलावा, चुन्याचासुद्धा, फुकट जातो. निम्म्या घरांत ओलीचा उपाय गिलावा नसून पन्हळ दुरुस्त करणं हा असतो.

भर पावसात छत्री घेऊन घराभोवती फेरी मारा आणि बघा. फुटलेलं कौल, गळका पन्हळ, भिंतीला टेकलेली न्हाणीघराची मोरी, वळचणीचं पाणी जमिनीवर आपटून भिंतीवर उडणं, हे सगळं दिसेल. गावठाणात एक दुखणं फार आढळतं. दरवर्षी डांबराचा किंवा काँक्रिटचा थर चढून रस्ता वर येतो आणि जोतं जमिनीत जातं. आमच्याकडे पणजोबांच्या वेळच्या तीन पायऱ्यांपैकी एक उरली आहे. जोत्याचा दगड मातीत गेला की ओल थेट विटेला भिडते. शिवाय अंगणात भिंतीला भिडवून फरशी किंवा कोबा घातलेला असेल तर जमिनीतली वाफ बाहेर पडायला भिंतीशिवाय दुसरी जागाच उरत नाही. अशा ठिकाणी भिंतीलगतचा फूटभर कोबा फोडा, वीतभर खोल चर काढा आणि खडी भरा. पाण्याला उतार बाहेरच्या बाजूला द्या. आमच्या घरी सगळ्यात जास्त फरक ह्या चराने पडला, चुन्याने नव्हे. हे मी चुन्याचा भक्त असूनही सांगतोय.

आतली ओल भिंतीतून येतेय की खोलीतल्या वाफेची, हे कळायला एक सोपी युक्ती आहे. फूटभर चौरस प्लॅस्टिक भिंतीला चारही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि दोन दिवस ठेवा. प्लॅस्टिकच्या भिंतीकडच्या अंगाला थेंब धरले तर पाणी भिंतीतलं आहे. खोलीकडच्या अंगाला धरले तर हवेतलं आहे, तेव्हा खिडकी उघडा आणि स्वयंपाकघराचा धूर-वाफ बाहेर काढा.

जमिनीतून चढणारी ओल साधारण तीन-चार फुटांपर्यंत जाते आणि तिच्या वरच्या कडेला पांढऱ्या क्षारांची रेघ उमटते. डाग छताजवळ असेल तर जमिनीला दोष देऊ नका, वर चढून कौलं बघा.

सिमेंट काढणं आणि भिंत वाळू देणं

दसऱ्यानंतर सुरुवात करा. आधी हातोडीच्या दांड्याने भिंत वाजवा. पोकळ आवाज येतो तिथला गिलावा सहज निघतो. तिथून चपटी छिन्नी आडवी धरून पुढे जा. यंत्राने फोडायचा मोह होतो, पण त्या धक्क्याने चुन्याचे सांधे खिळखिळे होतात. घट्ट बसलेला गिलावा विटेसकट निघत असेल तर थांबा. तो भाग पावसाच्या माऱ्यात नसेल आणि कोरडा असेल तर सिमेंट राहू द्या, इतर जागा मोकळी करा. सगळं सिमेंट काढायलाच हवं असा हट्ट धरून भिंत मोडू नये.

भुगा झालेल्या दरजा पाऊण इंच खोल कोरून काढा. क्षार कोरड्या, राठ कुंच्याने झाडा. पाण्याने धुतले तर ते विरघळून परत आत जातात. झाडलेला भुगा सुपात गोळा करून लांब टाका, भिंतीशी सोडू नका. कुजलेल्या विटा काढून त्याच जातीच्या जुन्या विटा चुन्यात बसवा. पाडलेल्या घरांच्या विटा गावात मिळतात. नवी कडक वीट मऊ विटांमध्ये बसवली की तिच्या आजूबाजूच्या विटा आधी झिजतात.

आता वाळू द्यायचं. दर इंच जाडीला एक महिना असा ढोबळ हिशोब सांगतात. चौदा इंची भिंतीला म्हणजे सव्वा वर्ष. एवढं कोण थांबतं? पण निदान दोन-तीन महिने उघडी राहू द्या आणि आमच्यासारखी ओल जास्त असेल तर एक अख्खा उन्हाळा. आत उघड्या विटांची खोली पाहून पाहुणे नाकं मुरडतील, मुरडू द्या. चुन्याचं बरं असं, की भिंत पूर्ण कोरडी झाली नसली तरी तो वरून तिला वाळू देतो.

कुठला गिलावा?

सिमेंट-वाळू, 1:4 असो की 1:6: जुन्या मऊ विटेवर नाही. न्हाणीघरात फरशीमागे किंवा नंतर बांधलेल्या सिमेंटच्या भिंतीवर खुशाल वापरा.

सिमेंट-चुना-वाळू 1:1:6 किंवा 1:2:9: ही तडजोड गवंड्यांना आवडते, कारण चुन्यामुळे माल थापीवर छान खेळतो आणि सिमेंटमुळे लवकर धरतो. विटा चांगल्या भाजलेल्या, कडक आणि भिंत कोरडी असेल तर 1:2:9 चालून जातं. ओली किंवा क्षार लागलेली भिंत असेल तर मी ते करणार नाही.

जिप्समचा तयार गिलावा, पीओपी: दिसायला आरशासारखा आणि काम एका दिवसात. पण जिप्सम पाण्यात थोडं थोडं विरघळतं, ओलीत ते मऊ पडून फुगतं. माळ्यावरच्या कोरड्या खोलीत ठीक, जोत्याजवळ कधीच नाही.

मातीचा गिलावा: मातीत बांधलेल्या भिंतीला आतल्या अंगाने यापेक्षा चांगलं आणि स्वस्त काही नाही. गाळलेली माती, वाळू, भाताचा तूस किंवा बारीक चिरलेला पेंढा, आठवडाभर भिजवून तुडवलेला. वरून चुन्याचा पातळ हात. बाहेर मात्र तो ओसरी किंवा मोठी वळचण असेल तरच टिकतो.

चुना-वाळू आणि चुना-सुरखी: बहुतेक घरांचं उत्तर हेच. पण चुना म्हणजे कुठला, इथे लोक अडखळतात, म्हणून थोडं थांबतो.

भट्टीत साधारण 900 अंशांना चुनखडक भाजला की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवला की ओला चुना, आणि तो भिंतीवर हवेतला कर्बवायू घेत घेत पुन्हा दगड होतो. ह्या शुद्ध चुन्याला धरायला हवा लागते आणि वेळ लागतो. याउलट काही चुन्यांत मातीचा अंश असतो, ते पाण्याबरोबरही धरतात. देशावर बहुतेक ठिकाणी काळा बेसॉल्ट, चुनखडक नाही. त्यामुळे आपल्याकडच्या पूर्वीच्या चुन्यातला बराचसा काळ्या मातीत आणि ओढ्याकाठी सापडणारे कंकर, म्हणजे चुन्याचे खडे, भाजून केलेला असे, आणि तो थोडा पाण्याने धरणारा असे. कोकणपट्टीत शिंपल्यांचा चुना, तो जवळजवळ शुद्ध. शुद्ध चुन्याला पाण्याने धरायचा गुण द्यायचा असेल तर सुरखी घालतात. सुरखी म्हणजे मंद भाजलेल्या विटांची किंवा जुन्या कौलांची बारीक पूड. काळपट होईतो भाजलेली वीट सुरखीला उपयोगाची नाही, ती चुन्याशी संयोग पावत नाही.

दुकानात दोन सारख्या नावांनी फसगत होते. 'हायड्रेटेड लाइम' म्हणजे विरवून वाळवलेला साधा चुना, पोत्यात भुकटी. 'हायड्रॉलिक लाइम' म्हणजे पाण्याने धरणारा चुना. यातला नैसर्गिक प्रकार एनएचएल (नॅचरल हायड्रॉलिक लाइम) 2, 3.5 आणि 5 अशा अंकांनी विकला जातो. अंक म्हणजे 28 दिवसांनंतरची किमान ताकद. मोठा अंक म्हणजे चांगला माल, असं इथे नाही. मऊ विटेला 2, पावसाच्या माऱ्यातल्या बाहेरच्या अंगाला 3.5. 5 आपल्या कामाचा नाही. एनएचएल महागही पडतो, त्यामुळे घराच्या आत चुना-सुरखीच बरी. इथल्या चुन्याचे वर्ग आयएस 712 ह्या भारतीय मानकात दिलेले आहेत, शुद्ध चुना त्यात क वर्गाचा, म्हणजे इंग्रजी सी. पोत्यावर ते छापलेलं शोधा.

भुकटीचं पोतं जुनं असेल तर चुना पोत्यातच हवेने मेलेला असतो. चमचाभर भुकटीवर लिंबू पिळा. जोरात फसफसलं तर चुना गेलेला आहे, परत करा. ताजा चुना जवळजवळ गप्प बसतो.

चुना विरवणं आणि माल करणं

कळी मिळाली तर उत्तम. ढेकूळ हलकं, कोरडं आणि घट्ट असावं, पूड झालेलं नको. लोखंडी पिंपात आधी पाणी घ्या आणि त्यात कळी थोडी थोडी सोडा, उलट कधीही नाही. पाणी खदखदून उकळतं, शिंतोडे उडतात. प्लॅस्टिकचं पिंप वितळेल. डोळ्यांना चष्मा, हातात रबरी मोजे, पूर्ण बाह्या आणि लहान मुलं लांब. शिंतोडा डोळ्यात गेलाच तर वीस मिनिटं स्वच्छ पाण्याने धुवत राहा आणि लगेच दवाखान्यात जा. चोळू नका.

लाकडी फावड्याने ढवळून बारीक चाळणीतून गाळून घ्या, खडे टाकून द्या. न विरलेला खडा गिलाव्यात गेला तर सहा महिन्यांनी फुलून पुटकुळी उडवतो. गाळलेल्या लगद्यावर बोटभर पाणी राहील असं झाकून ठेवा. दोन आठवडे तरी हवेतच, दोन-तीन महिने झाले तर चुना लोण्यासारखा होतो. भुकटी वापरणार असाल तर तीही किमान एक रात्र भिजवा.

वाळू. चुन्यावर लोक तासन्‌तास बोलतात आणि वाळूवर दोन मिनिटं, खरं तर उलट हवं. वाळू टोकदार, बारीक-मध्यम-जाड अशी मिसळ असलेली हवी. नदीची मिळत नसेल तर क्रश सँड चालते, पण धुऊन, कारण तिच्यात दगडाची पीठ झालेली धूळ असते. काचेच्या बरणीत अर्धी वाळू, वर चिमूटभर मिठाचं पाणी, हलवून तीन तास ठेवा. वर साचलेला गाळाचा थर वाळूच्या बाराव्या हिश्श्याहून जास्त, म्हणजे 8 टक्क्यांच्या पुढे असेल तर वाळू परत धुवा. खाडीची किंवा समुद्राची वाळू नको, ती मीठ घेऊनच येते.

चुना-वाळूचं प्रमाण 1:3 का, हे मामांनी मला एका पातेल्यात दाखवलं. पातेलं कोरड्या वाळूने शीग न लावता भरलं, आणि मोजून मोजून पाणी ओतलं, वर दिसेपर्यंत. तीन तांब्यांच्या पातेल्यात जेमतेम एक तांब्या पाणी मावलं. "वाळूच्या पोटात एवढीच जागा हाय. तेवढाच चुना घालायचा. जास्त घातला तर तडकंल, कमी घातला तर झडंल." तुमच्या वाळूवर हीच परीक्षा करा. 1:2.5 आलं तर तेच प्रमाण.

पहिल्या हाताला, जोत्याजवळच्या तीन-चार फुटांत, चुना 1, सुरखी 1, वाळू 2. वरच्या कोरड्या भागात चुना 1, वाळू 3. गुळवणी, हिरड्याचं पाणी, बेलाचा गर, मेथी, उडीद, यांच्यावर गप्पा खूप होतात. हिरडा-गुळाच्या पाण्याने माल चिकट आणि कामाला मऊ होतो हे मी पाहिलंय, पण गूळ जास्त पडला तर माल धरायला उशीर करतो. पहिल्या कामाला त्या भानगडीत न पडलात तरी चालेल. त्याऐवजी तागाचे इंचभर कापलेले धागे पहिल्या हातात मिसळा, चिरा कमी पडतात.

पूर्वी हा माल बैल जुंपलेल्या चुन्याच्या घाण्यात, दगडी चाकाखाली रगडत. रगडण्याने चुना वाळूच्या प्रत्येक कणाला लागतो. काँक्रिटच्या फिरत्या मिक्सरमध्ये त्याचे नुसते गोळे होतात. चाकाचा मिक्सर भाड्याने मिळाला तर बरं, नाहीतर फरशीवर पसरून फावड्याच्या पाठीने कुटायचं. हाताला फोड येतात. पाणी वाढवून माल सैल करायचा मोह आवरा. कुटत राहिलं की तो आपोआप सैल पडतो.

किती लागेल? 100 चौरस फुटांना दोन हात मिळून 20 मिलिमीटर जाडी धरली, दरजा आणि खड्डे भरायला थोडं जास्तीचं, तर वाळू 8 घनफूट आणि चुन्याचा लगदा साधारण 75 लिटर.

भिंतीवर चढवणं

कार्तिक ते माघ हा काळ सगळ्यात चांगला. चैत्र-वैशाखात ऊन माल भाजून काढतं, पावसाळ्यात बाहेर चुना धरतच नाही. आधी तीन बाय तीन फुटांचा नमुना करा आणि दोन आठवडे बघा. तडे गेले तर चुना किंवा पाणी जास्त झालं, बोटाला भुगा लागला तर चुना कमी पडला किंवा माल फार लवकर वाळला.

भिंत आदल्या दिवशी आणि सकाळी परत भिजवा. ओली हवी, पण पाणी ओघळत नको. आधी खड्डे आणि दरजा भरून दोन दिवस सोडा. मग पहिला हात, 10 ते 12 मिलिमीटर, थापीने फेकून मारायचा, पसरायचा नाही. फेकलेला माल विटेला धरून बसतो. एका हातात जाडी गाठायची घाई करू नका. जाड हात स्वतःच्या वजनाने सुटतो.

दुसऱ्या दिवशी भिंतीला अंगठा लावा. अंगठा रुततो तर थांबा. नखाची रेघ उमटते पण बोट आत जात नाही, ही वेळ नेमकी साधायची असते. लाकडी रंधा, म्हणजे गिलावा घासायची फळी, गोल फिरवून दाबून घासला की वाळताना पडलेल्या बारीक चिरा मिटतात. सिमेंटला ही सोय नाही, चुन्याला आहे, आणि नव्या गवंड्यांना ती माहीत नसते. त्यानंतर खिळ्याने आडव्या-तिडव्या रेघा ओढून ठेवा, पुढचा हात धरेल.

लाकडी खांब-तुळईवरून गिलावा न्यायचा असेल तर जस्ताचा मुलामा असलेली जाळी लाकडाच्या दोन्ही बाजूंना चार-चार इंच जाईल अशी ठोका. शक्य असेल तर लाकूड उघडंच ठेवा, दिसतंही छान.

पहिला आठवडा दिवसातून तीन-चार वेळा पाण्याचा फवारा, नळी नव्हे. बाहेरच्या भिंतीला ओलं गोणपाट परांचीवरून सोडून ठेवा. पहिला हात घट्ट झाल्यावर, साधारण आठ-दहा दिवसांनी, दुसरा हात 8-10 मिलिमीटर. शेवटी नीरूचा हात हवा तर 2-3 मिलिमीटर: गाळलेला चुना आणि अगदी बारीक वाळू किंवा संगमरवराची भुकटी, गुरमाळ्याने घोटलेली. नीरूला हात बसलेला गवंडी लागतो. तसा नसेल तर रंध्याचा खरखरीत पोतच राहू द्या, जुन्या घराला तोच शोभतो. घोटलेल्या चुन्याची भिंत कशी दिसते हे बघायचं असेल तर मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यात जाऊन या, तिथे भिंतींवर जुनी चित्रंही आहेत.

बाहेरचा गिलावा जमिनीपर्यंत नेऊ नका. जोत्याचा दगड उघडा ठेवा, त्याच्या दरजा चुन्यात भरा. गिलावा जमिनीला टेकला की वातीसारखा पाणी ओढतो. नव्या सिमेंटच्या खांबाला जुनी भिंत भिडते तिथे दोन्ही गिलाव्यांच्या मधे थापीने एक सरळ खाच सोडा, नाहीतर चीर पडेलच आणि ती वाकडी असेल.

लोणा फार लागला असेल तर पहिला गिलावा दोन-तीन वर्षांनी काढून टाकायचा आहे असंच समजून करा: चुना जरा कमी, नीरू नाही, रंग नाही. तो क्षार ओढून घेतो आणि स्वतः झडतो, वीट वाचते. गवंड्याला हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर तो तुमच्यासमोर डोक्याला हात लावतो.

रंग

चुन्याच्या गिलाव्यावर पुट्टी, प्लॅस्टिक पेंट किंवा तैलरंग लावणं म्हणजे केलेल्या कामावर पाणी. पातळ चुन्याचे चार-पाच हात द्या, दुधापेक्षा पातळ, प्रत्येक हाताआधी भिंत किंचित ओली करून, मधे एक दिवस सोडून. ओला असताना रंग पारदर्शक दिसतो, गडी घाबरून घट्ट करतो आणि मग तो पोपड्यांनी निघतो. रंगासाठी गेरू आणि पिवडी चुन्यात टिकतात. चुना कपड्यांना लागू नये म्हणून काही जण त्यात मीठ घालतात. तुमची भिंत आधीच मीठ सोडतेय, तिला आणखी देऊ नका. तयार रंगच हवा असेल तर भिंतीची वाफ न अडवणारा सिलिकेटचा घ्या.

आमच्या माजघराच्या भिंतीला ह्या पद्धतीने केलेल्या कामाला सहा पावसाळे झाले. आषाढात तिचा खालचा फूटभर भाग गडद होतो आणि दिवाळीपर्यंत परत पांढरा. दोन ठिकाणी तळहाताएवढा तुकडा झडला होता, तो मी स्वतः एका रविवारी भरला. उरलेला लगदा मागच्या पडवीत पिंपात पाण्याखाली ठेवलेला आहे, पाणी कमी झालं की वरून तांब्याभर घालतो. तो अजून तसाच मऊ आहे.